खडा बाटलीत, नळी पोटात

पोटावर टाका पडला नाही म्हणून हिरमुसलेला माणूस मी पाहिला आहे. सेलूचे किराणा दुकानदार होते ते. साठीचे, अंगाने भरलेले, बोलायला गोड. कावीळ होऊन आले होते. डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी आणि अंगाला अशी खाज की पोती शिवायचा दाभण पाठीवर फिरवत बसायचे म्हणे. आमच्या डॉक्टर सरांनी त्यांच्या तोंडातून दुर्बीण आत नेली, पित्ताच्या वाटेत अडकलेला खडा सोडवला आणि तासाभरात शेठ वॉर्डात परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर शेठ सदरा वर करून स्वतःचं पोट न्याहाळत बसलेले.

"सिस्टर," ते म्हणाले, "तुम्ही तं काईच नाई केलं."

मी सगळं पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, पण चेहरा काही उजळेना. थोड्या वेळाने जवळ बोलावून हळूच म्हणाले की आता गावात भेटायला माणसं येतील, त्यांना दाखवू काय? टाका नाही, निशाणी नाही. लोक म्हणतील शेठ दवाखान्यात आराम करून आला. एखादी पट्टी तरी मारून द्या.

आणि मी मारून दिली. धडधाकट पोटावर हातभर लांब पट्टी, आत कापूस, चारही बाजूंनी चिकटपट्टी. शेठ एका हाताने ती सांभाळत, दुसरा हात मुलाच्या खांद्यावर टाकून, पाय मोजून टाकत गाडीपर्यंत गेले. इतका समाधानी पेशंट मी पुढे क्वचितच पाहिला.

ही पट्टी मारणारी सिस्टर तेव्हा चाळिशीची होती. अक्कल विशीतली. कडक इस्त्रीची साडी, वळणदार अक्षर, आणि हा विभाग आपल्याच जिवावर चालला आहे अशी पक्की समजूत. आज ती समोर आली तर मी तिला कान धरून बसवेन. पण ती येत नाही, मलाच तिच्या वतीने बोलावं लागतं.

आमचं काम नेमकं काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. यकृतात पित्त तयार होतं आणि पित्तनलिकेतून आतड्यात उतरतं. या वाटेत खडा अडकला की पित्त तुंबतं, मागे फिरून रक्तात मिसळतं आणि माणूस पिवळा पडतो. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की हुडहुडी भरून ताप येतो, आणि मग माणूस हातचा जायला दोन दिवसही पुरतात. पूर्वी यासाठी पोट उघडावं लागायचं. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या वर्ध्याच्या दवाखान्यात ही लांब, काळी, सापासारखी दुर्बीण आली. ती तोंडातून घालायची, जठर ओलांडून आतड्याच्या पहिल्या वळणावर न्यायची. हिचा डोळा समोर नसतो, बाजूला असतो. तिथे आतड्याच्या भिंतीवर पित्तनलिकेचं इवलंसं तोंड दिसतं. त्यातून तार सरकवायची, एक्स-रेवर खडा पाहायचा, तोंड जरा रुंद करायचं आणि तारांच्या छोट्याशा टोपलीत खडा धरून खाली ओढायचा. तो आतड्यात पडला की काम झालं. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने निघून जातो. बाहेर काढायची काहीच गरज नसते. हे वाक्य लक्षात ठेवा.

आणखी एक. खडा फार मोठा असला, एका बैठकीत निघाला नाही, तर पित्ताला वाट राहावी म्हणून तिथे प्लास्टिकची एक नळी ठेवून देतात. बोटभर लांब, बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड. ही नळी तात्पुरती. तीन महिन्यांत तिच्यात गाळ साचू लागतो. तेव्हा पेशंटने परत यायचं, नळी काढायची, राहिलेला खडा काढायचा. नुसती नळी काढायला दहा मिनिटं लागतात. मी जे सांगायला बसले आहे ते या दहा मिनिटांचं आहे.

माझं काम म्हणजे तार धरणं, दुर्बीण धुणं आणि पेशंटशी बोलत राहणं. सुरुवातीच्या वर्षांत टीव्ही नव्हता. दुर्बिणीला डोळा लावून फक्त सरांना दिसायचं. ते म्हणायचे पुढे, मी तार पुढे सारायची. मागे, मी मागे घ्यायची. थांब म्हटलं की थांबायचं. इतकं निमूट मी संसारातही कुणाचं ऐकलेलं नाही. पुढे टीव्ही आला, आणि इतकी वर्षं मी कुठे तार घालत होते ते प्रत्यक्ष पाहून मला दरदरून घाम फुटला. आणि तो शिशाचा एप्रन. एक्स-रेच्या किरणांपासून वाचायला घालायचा, वजन एखाद्या तीन वर्षांच्या पोराएवढं. पहिल्या दिवशी मी तो उलटा बांधला. पाठ झाकलेली, पोट उघडं. आमचे अटेंडंट पुंडलिकभाऊ बराच वेळ पाहत राहिले आणि मग अदबीने म्हणाले, "बाई, किरणं समोरून येऊन राह्यले."

दुर्बिणीचं रबर नाजूक असतं, म्हणून आमच्या खोलीत काचेच्या बांगड्या बंद. माझे हात वर्षानुवर्षं मोकळे. पेशंट आडवा झाला की मी त्याच्या कानाशी वाकून एकच म्हणायची, "अंग ढिलं सोडा. नाकाने श्वास घ्या. ढिलं सोडा." घरात कुणी चिडलं की मी अजूनही हेच म्हणते. नात म्हणते, आजी, मी काय टेबलावर झोपले आहे का?

तर शेठची पट्टी. सरांना ती कळली तेव्हा ते हसले, पण मी विचारात पडले. लोकांना पुरावा हवा असतो. पोट फाडलेलं दिसलं नाही तर त्यांना आजार गेल्यासारखा वाटत नाही, आणि आपण इतकी मरमर करतो तीही कुणाला दिसत नाही. यातलं दुसरं कारण जास्त खरं होतं हे आता कबूल करते. मग मी एक युक्ती काढली. इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या उकळून ठेवायच्या. सरांच्या मागे लागायचं की खडा आतड्यात सोडू नका, टोपलीत धरून तोंडावाटे बाहेर आणा. मग तो धुवायचा, बाटलीत कापसावर ठेवायचा, रबरी बूच लावायचं, आणि पट्टीवर माझ्या त्या वळणदार अक्षरात पेशंटचं नाव नि तारीख लिहायची. घरी जाताना बाटली पेशंटच्या हातावर.

बाटल्या गाजल्या. माणसं वॉर्डात एकमेकांचे खडे ताडून पाहू लागली. माझा वाटाण्याएवढा, तुमचा तं तुरीच्या दाण्याएवढाच. एका मास्तरांनी आपला खडा शाळेत नेऊन पोरांना दाखवला. सर म्हणाले, सिस्टर, तुम्ही या कामात काऊन आल्या, जाहिरातीच्या धंद्यात जायचं. मी लाजले. नव्वदीच्या दशकातली ती बाई अशा शेऱ्यावर आठवडाभर जगत असे.

सुभद्राबाई आली ती त्या दशकाच्या शेवटाकडे. वडनेरच्या बाजूच्या एका खेड्यातली, गावोगाव फिरून बांगड्या भरणारी. नवरा कधीचाच गेलेला. घरात ती आणि तिची सोळा-सतरा वर्षांची लेक रेखा. पित्ताशय पूर्वीच कुठेतरी ऑपरेशन करून काढलेलं होतं, तरी पित्तनलिकेत खडे झालेले. हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी होऊन आली. पण तोंड बंद नाही. मी तिला टेबलावर घेतलं, कुशीवर वळवलं आणि नेहमीसारखं म्हटलं, अंग ढिलं सोडा. तर ती त्या अवस्थेतही हसली.

"हे तं माह्याच धंद्यातलं बोलणं आहे, सिस्टर. हात ढिला सोडा म्हणतो आम्ही. आकसला का चुडी फुटते."

तिचे दोन खडे निघाले. तिसरा वर, सुपारीएवढा, टोपलीत मावेना. तिची गुंगी उतरत आली होती, सरांनी जबरदस्ती केली नाही. नळी ठेवली. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः वॉर्डात येऊन मायलेकींना सांगितलं की एक मोठा खडा अजून आत आहे, वाट मोकळी राहावी म्हणून नळी ठेवली आहे, तीन महिन्यांनी यायचंच. कार्डावर लिहून दिलं. रेखा सातवी शिकलेली, तिने कार्ड वाचून दाखवलं. सगळं रीतसर झालं. आणि त्याच खाटेशी, त्याच पाच मिनिटांत, मी सुभद्राबाईच्या हातावर दोन खड्यांची बाटली ठेवली.

ती ज्या नजरेने बाटलीकडे पाहत राहिली ती मला तेव्हा फार आवडली. उजेडात धरली, हलवली, कानाशी नेऊन खुळखुळ ऐकली. मग बाटली कनवटीला खोचून तिने माझा हात धरला, बोटांची मुळं दाबली आणि माप सांगितलं. दोन-चार. मापपट्टी लागायची नाही तिला.

"बिन चुड्याचा हात पाहवत नाई बाप्पा. भरून देऊ का दोन डझन? हिरव्या?"

मी म्हटलं, ड्यूटीवर चालत नाहीत. नळी काढायला येशील तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकते आणि दोन्ही हात भरून घेते. ती म्हणाली, ठरलं.

बांगड्यावाली म्हणजे चालतं वर्तमानपत्र. ती बाटली तिच्या बांगड्यांच्या पेटीत राहू लागली. बाई हात पुढे करून बसली की सुभद्राबाई आधी खडे दाखवणार, मग बांगडी चढवणार. वडनेर, अल्लीपूर, हिंगणघाटच्या आसपासच्या गावांतून आमच्याकडे पेशंट येऊ लागले, आणि विचारलं की सांगत, चुडीवाल्या बाईने पाठवलं. मी हे सरांना मिरवून सांगायची.

तीन महिने झाले त्या सुमारास माझ्या मुलीची बारावीची परीक्षा होती. मी पंधरा दिवस रजेवर होते. परत आले आणि कामाला लागले.

पाचेक महिन्यांनी एका सकाळी सुभद्राबाई दारात उभी. स्वतःसाठी आली नव्हती. गावातल्या एका पिवळ्या पडलेल्या बाईला हाताला धरून घेऊन आली होती. स्वतः टवटवीत, चेहरा भरलेला. मला इतका आनंद झाला की मी तिला हाताला धरून आत नेलं. खोलीत शिकाऊ डॉक्टर होते पाच-सहा. मी म्हटलं, पहा, या आमच्या पेशंट, यांच्यामुळे अर्धा हिंगणघाट तालुका आपल्याकडे येतो. सुभद्राबाईने पेटी उघडली, बाटली काढली आणि वरात निघाल्यासारखी ती सगळ्यांच्या हातांतून फिरवली. सगळे हसले. मीही हसले. मग तिने पेटीच्या तळातून कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या काढल्या. आणल्या होत्या माझ्या मापाच्या. बसा, आताच भरतो म्हणाली.

त्या दिवशी आठ पेशंटची यादी होती. मी म्हटलं, आज नाही गं, पुढच्या वेळी. ती म्हणाली, पुढच्या वेळी तं पुढच्या वेळी, आणि कागद परत पेटीत ठेवून गेली.

मी तिला विचारलं नाही, नळी काढली का.

आता मी स्वतःला सोडवायला सांगू शकते की मी रजेवर होते तेव्हा काढली असेल असं मला वाटलं. पण खोटं कशाला? मला तसं वाटलंही नाही. मनातच आलं नाही. माझ्यासमोर एक हसरी बाई होती, तिच्या हातात माझी बाटली होती, बाटलीवर माझं अक्षर होतं. नळी कुणाला दिसते? खडा दिसतो. जिने तो दाखवायचा शोध लावला तिलाच त्याने आंधळं केलं. भिंतीवरच्या खुंटीला नळ्यांचं रजिस्टर टांगलेलं होतं, माझ्या हातापासून दोन पावलांवर. एका रकान्यात नळी ठेवल्याची तारीख, शेजारच्यात काढल्याची. पान उलटायला किती वेळ लागला असता?

त्यानंतर वर्षभराने रेखा तिला घेऊन आली. दुपारची वेळ होती, यादी संपत आली होती. जीपमधून उतरवून स्ट्रेचरवर आणलं. दोन दिवसांपासून हुडहुडी आणि ताप. नाडी बारीक, हातपाय गार, डोळे पुन्हा तसेच पिवळे. सरांनी विचारलं, नळी कधी काढली होती? रेखा माझ्याकडे पाहू लागली. मी रजिस्टरकडे धावले. पान सापडलं. एका रकान्यात तारीख, माझ्याच अक्षरात. दुसरा रकाना कोरा.

सर लगेच एप्रन घालून उभे राहिले. मी तार, टोपली तयार केली. सुभद्राबाई शुद्धीवर होती. मी वाकून विचारलं, बाई, नळी काढायला आली नाहीस कशी? तिने उशाशी चाचपडलं. रेखाने तिची पिशवी जवळ केली. तिने बाटली काढली आणि मला दाखवायला वर धरली.

"खडे तं माह्याजवळच आहेत न सिस्टर. मंग आत काय राह्यलं?" थोडा श्वास घेतला आणि म्हणाली, "आन तुम्ही पाह्यलं होतं न मले. काई राह्यलं असतं तं तुम्हीच सांगतलं असतं."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. ती मला शंका विचारत होती. उत्तर मला ठाऊक आहे अशा विश्वासाने विचारत होती.

मी म्हटलं, अंग ढिलं सोड. दुसरं काय म्हणणार होते?

जुनी नळी निघाली. मागोमाग पू आला, बराच आला. सरांनी नवी नळी ठेवली. मी जुनी धुवायला घेतली. मूळची आकाशी रंगाची नळी काळी पडली होती आणि आरपार दगडासारखी भरलेली. मी सुई घालून पाहिली, टोकसुद्धा शिरलं नाही. इतक्याशा वस्तूकडे पाहत मी बेसिनशी किती वेळ उभी होते कोण जाणे. पुंडलिकभाऊंनी येऊन नळ बंद केला.

पण विष रक्तात पसरलेलं होतं. लघवी बंद झाली. पुढचे दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती आणि मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून तिथे जात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

रेखा बाहेर बाकावर बसली होती. मी जवळ गेले. मनात ठरवून गेले होते की सांगायचं. तुझी आई आली होती तेव्हा मी विचारलं नाही, चूक माझी. रेखा उठली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "लई केलं सिस्टर तुम्ही माह्या मायसाठी." आणि मी गप्प राहिले. तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाण्याचा ग्लास आणून दिला, कागदपत्रांवर सह्या कुठे करायच्या ते दाखवलं. सगळं केलं, एवढं एक सोडून. तरुणपणाच्या चुकांना मी हसते, तुम्ही पाहिलंत. त्या गप्प राहण्याला मला कधी हसता आलेलं नाही.

सर मला रागावले नाहीत. ते म्हणाले, सांगितलं होतं, कार्ड दिलं होतं. कागदावर आम्ही सगळेच बरोबर होतो. पण सांगणं कानाला होतं आणि बाटली डोळ्याला होती, आणि त्या दोघांत कोण जिंकणार हे मला कळायला हवं होतं, कारण शेठच्या पोटावर पट्टी मीच मारली होती.

मी रजिस्टर घेऊन बसले. कोरे रकाने मोजले नाहीत, एकेक पोस्टकार्ड लिहीत गेले. तुमच्या पोटात नळी आहे, ताबडतोब या. आणि बाटलीचा नियम बदलला. ज्याच्या आत नळी, त्याचा खडा माझ्या कपाटात. नळी काढायला याल तेव्हा बाटली मिळेल. लोक भांडायचे. हिंगणघाटचे एक काका तर आवाज चढवून म्हणाले, माझ्या पोटात पिकलेला खडा माझा, तुम्ही कोण ठेवून घेणाऱ्या? माझी तक्रारही झाली. पण तीन महिने भरले की तेच काका दारात हजर, आणि पहिला शब्द, माझा खडा आहे न सांभाळून? नळीसाठी कुणी आलं नसतं. खड्यासाठी सगळे यायचे.

मला दुसरी खोड लागली. ओळखीचा कुठलाही चेहरा दिसला की तोंडातून आधी तेच निघायचं. बाजारात, लग्नात, बसमध्ये. नमस्कार नंतर, नळी काढली का आधी. एकदा वर्ध्याच्या भाजीबाजारात मी एका गृहस्थांना भर गर्दीत विचारलं आणि ते बिचारे नळ दुरुस्तीच्या कामावरचे अधिकारी निघाले, माझे पेशंट नव्हतेच. त्यांनी नम्रपणे सांगितलं की आपल्या भागात उद्या काढू. घरी हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दोन हजारचं दशक सरत आलं तेव्हा मी निवृत्त झाले. जाताना कपाट रिकामं करून दिलं. एकही बाटली उरलेली नव्हती. निरोप समारंभात सर या कपाटाबद्दल फार चांगलं बोलले. नियम कुणामुळे आला ते बोलले नाहीत. मीही नाही.

नंतर महिन्याभराने पिपरी मेघेतल्या माझ्या घराच्या फाटकाशी कुणीतरी हाक मारली. पाहते तर तिशीकडे झुकलेली एक बाई, खांद्याला बांगड्यांची पेटी. चेहऱ्याची ठेवण सुभद्राबाईचीच. रेखा. लग्न होऊन आता याच बाजूला राहते म्हणाली, आईचाच धंदा करते, दवाखान्यात गेली होती तिथून पत्ता मिळाला. मी चहा ठेवला. ती ओट्यावर बसली आणि पेटीच्या तळातून तिने दोन वस्तू काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक कागदाची पिवळी पडलेली गुंडाळी. आणि बाटली. आतल्या खड्यांचा भुगा झाला होता, चहापत्तीसारखा. पट्टीवरचं माझं अक्षर मात्र तसंच, वळणदार.

"हे तुमचं राह्यलं होतं," ती म्हणाली. "माय म्हणे, सिस्टरच्या हातात भरायच्या राह्यल्या."

मग मी सांगितलं. चहा गार होईपर्यंत सांगितलं. सुभद्राबाई पेशंट घेऊन आली होती ती सकाळ, शिकाऊ डॉक्टर, माझी यादी, खुंटीवरचं रजिस्टर, बाकावर मी गिळलेलं वाक्य. रेखा खाली पाहत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने गार झालेला कप बाजूला सारला. मला वाटलं आता उठेल आणि जाईल, आणि गेली असती तर मी तिला अडवलं नसतं.

"कार्ड माह्याच हाती होतं, सिस्टर," ती म्हणाली. "घरात वाचता येणारी मी एकटीच. तीन महिने झाले तवा मी तिले म्हटलं, माय, जाऊन ये. ती म्हणे कापसाचा हंगाम आहे, बाया चुड्या भरून राह्यल्या, मंग जातो. मंग तुम्हाले भेटून आली न ती, आन म्हणे सिस्टरनं पाह्यलं मले, आता काई नाई. मी कार्ड ठेवून देलं. मले वाचता येत होतं."

मी एवढी वर्षं समजत होते की हे ओझं माझं एकटीचं आहे, आणि त्यातही माझी थोडी मिजास होतीच. त्या पोरीने ते अठराव्या वर्षापासून वाहिलं होतं आणि माझ्याकडे निदान पोस्टकार्डं लिहायला रजिस्टर तरी होतं.

मी बाटली उचलून परत तिच्या पेटीत ठेवली. म्हटलं, आमचा नियम असा आहे की नळी निघाली की बाटली पेशंटची. तुझ्या आईची ती नळी निघाली होती. ही तुझी.

तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि कागद सोडला. बांगड्या हिरव्याच होत्या, चमक तेवढी गेली होती. तिने माझा हात धरून बोटांची मुळं दाबली आणि मान हलवली. दोन-चारचा हात कधीच गेला होता. सांधे सुजलेले, हाडं रुंदावलेली, इतकी वर्षं दुर्बिणी धुण्याच्या पाण्यात राहून कातडी कडक झालेली. मी म्हटलं, राहू दे गं, नाही जायच्या. तिने ऐकलं नाही. आत जाऊन साबणाचं पाणी आणलं, माझा हात मांडीवर घेतला. पहिली बांगडी फुटली. दुसरी फुटली. मला थोडं रक्त आलं, तिने ते पदराने टिपलं आणि तिसरी घेतली.

"आकसू नका," माझ्या कानाशी वाकून ती म्हणाली. "हात ढिला सोडा."